टोकाचा माणूस

नळी दिसली की माणसं आत डोकावतात. हा माणूस तिचं टोक चाचपतो. फुंकणी असो, गच्चीवरचा पावसाळी पाइप असो की देवळाच्या मिरवणुकीतलं नादस्वरम, मधे काय चाललंय याचं त्याला सोयरसुतक नाही. टोक उघडं आहे की बंद? उघडं असेल तर पुढे भिंत किती अंतरावर? बंद असेल तर खरंच बंद आहे, की तुम्ही आपलं म्हणताय? एवढं कळेपर्यंत तो स्वतः पुढे सरकत नाही आणि तुम्हालाही सरकू देत नाही.

चेन्नईत, त्यातही अड्यार-तरमणी-वेलाचेरी या पट्ट्यात, ही जमात जरा दाट आढळते. कारण आयआयटी मद्रास. तिथे ज्वलनावर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्रच आहे, आणि गॅस टर्बाइनच्या कंबस्टरला जडणारा एक खास रोग तिथल्या बऱ्याच जणांच्या पोटापाण्याचा विषय आहे. ज्योत हलली की आवाज होतो, आवाज कंबस्टरच्या टोकांवर आपटून परत येतो, परत येऊन ज्योतीलाच हलवतो, आणि दोघांचं जमलं तर बघता बघता अख्खं यंत्र बोंब मारू लागतं. अस्तराला तडे जातात, बर्नरची तोंडं जळतात. वीजकेंद्रात हे होतं, विमानात होतं, रॉकेटात होतं.

या रोगाच्या वैद्यांतही पोटजाती आहेत. ज्योतवाले म्हणजे सरदार मंडळी. लेसर, सेकंदाला हजारो चित्रं टिपणारे कॅमेरे, निळ्या-नारिंगी ज्वाळांची पोस्टरं. परिषदेत गर्दी असते ती त्यांच्यापुढे. टोकवाल्याकडे एक लाउडस्पीकर, पाइपला भोकं पाडून बसवलेले चार-सहा मायक्रोफोन आणि एक आलेख, तोही काळ्या रेषेचा. त्याच्या पोस्टरसमोर फक्त दुसरा टोकवाला थांबतो, आणि तोही चुका काढायला.

मी यांना ओळखते ती आमटीमुळे. पुण्यात ज्युनिअर कॉलेजात बारावीला फिजिक्स शिकवून निवृत्त झाले, मुलाच्या नोकरीपायी आम्ही दोघं वेलाचेरीला आलो, आणि आयआयटीचं एक फाटक आमच्या अंगाला निघालं. मेसच्या सांबाराला कंटाळलेली मराठी पोरं पत्ता काढत रविवारी येऊ लागली. त्यातला एक कराडचा, सांगलीच्या वालचंदमधून मेकॅनिकल झालेला. जमातीचा अगदी निवडक नमुना. नाव सांगत नाही, कारण त्याच्या जागी दुसरा टोकवाला असता तरी हेच लिहिलं असतं; फरक पडला असता तो चष्म्याच्या नंबरात. त्याची आजी नाशिकची. आयआयटीतल्या होस्टेलांना नद्यांची नावं आहेत आणि याला पहिली खोली मिळाली ती गोदावरीत. "नातू गोदावरीत आहे," असं आजीनं कौतुकानं सांगितलं की समोरची बाई एकदम गप्प व्हायची.

पहिल्याच रविवारी तो भर पंगतीत फोनवर कोणाला तरी ओरडला, "अरे पण बीसी कुठली लावलीस? चुकीची बीसी लावतोस आणि वर मला शिकवतोस?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ताटावर बसून शिव्या आमच्याकडे चालत नाहीत, असं सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बाउंड्री कंडिशन हो काकू. सीमेवरची अट. लॅबमध्ये सगळे बीसीच म्हणतात." तेव्हापासून आमच्या घरात बीसी राजरोस चालते. परवा हे कुकरच्या शिट्टीबद्दल बोलताना म्हणाले.

मी फिजिक्सची मास्तरीण आहे हे कळल्यावर त्याला हर्ष झाला आणि मला ताप. रेझोनन्स ट्यूबच्या प्रयोगात आम्ही पोरांना एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या लिहून देतो: नळीच्या उघड्या टोकाशी हवेचा स्तंभ संपत नाही, किंचित बाहेर डोकावतो, म्हणून लांबीत व्यासाच्या ०.३ पट मिळवा. दोन गुणांचा प्रश्न. कोणी विचारत नाही, मीही कधी कोणाला विचारलं नव्हतं. हा भाताचा घास हातात धरून म्हणाला, "काकू, ०.३ नव्हे, ०.३०६६." लेव्हिन आणि श्विंगर, १९४८. हाच तो ज्युलियन श्विंगर, ज्याला पुढे १९६५ साली क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्ससाठी नोबेल मिळालं. एवढ्या मोठ्या माणसानंसुद्धा पाइपच्या टोकासाठी वेळ काढला, ही गोष्ट टोकवाल्यांच्या कुळाचाराचा भाग आहे. नोबेलचं काम ते ओझरतं सांगतात. "आणि काकू, ते पातळ भिंतीच्या, मोकळ्या पाइपसाठी बरं का. टोकाला कॉलर असेल तर आकडा वेगळा. तुमच्या ट्यूबला कॉलर होती?" निवृत्त झाल्यावर माझी झडती घेणारा हा पहिलाच.

एका रविवारी तो येताना मीटरभर लांबीचा ॲल्युमिनियमचा पाइप घेऊन आला. हार्डवेअरच्या दुकानातून कापून आणलेला, आत मूठ जाईल न जाईल एवढा. मग स्वयंपाकघरात इकडे तिकडे बघत म्हणाला, "काकू, चहाची गाळणी आहे? स्टीलची? थोडी जुनी?" जुनी नव्हती. तरी मी दिली, कारण मला काय होणार ते माहीत होतं आणि आयुष्यभर ते फक्त फळ्यावर काढलं होतं. त्यानं जाळी कापून पाइपात सारली, खालच्या टोकापासून पाव मीटरवर. पाइप उभा धरून खालून गॅसच्या शेगडीवर जाळी लाल होईपर्यंत तापवली आणि पाइप अलगद बाजूला घेतला. क्षणभर काही नाही. मग पाइप गाऊ लागला. भोंगा म्हणावा इतका मोठा, पण सुरात. मी उठून पेटीवर सूर दाबून बघितला: पांढरी चारच्या आसपास. शेजारच्या पाटी, म्हणजे तमिळ आजी, दार ढकलून आत आल्या, "एन्न सत्तम?" कसला आवाज? त्यानं उत्तर न देता पाइप आडवा केला, आवाज बंद. उभा केला, पुन्हा सुरू. खालच्या टोकावर कापडाची घडी दाबली, चिडीचूप. काढली, पुन्हा कंठ फुटला. पाटींनी हात जोडले. पाइपाला की त्याला, कळलं नाही.

ही राइकेची नळी. पीटर राइके या डच भौतिकज्ञानं १८५९ साली हा चमत्कार नोंदवला, आणि १८७८ साली लॉर्ड रॅले यांनी त्याचं मर्म सांगितलं: हवा दाबली गेली असेल नेमक्या त्याच क्षणी तिला उष्णता मिळाली तर आवाज वाढतो, विरळ असताना मिळाली तर मरतो. भजनात टाळ नेमका ठेक्यावर पडला तर भजन चढत जातं, हुकला तर बुवाच थांबतात, तेवढंच. पण ठेका कुठे पडणार हे कोण ठरवतं? पाइपची दोन उघडी टोकं. जाळी पाव लांबीवर असेल तर पाइप गातो, तीच वरच्या अर्ध्या भागात सरकवली तर मुका राहतो. पाइप गार होत आला तसा टोकवाला भाषणाच्या सुरात म्हणाला, "जाळी तीच, गॅस तोच, काकू त्याच. मी फक्त टोकाला कापड लावलं. आणि लोक ज्योतीचे फोटो काढत बसतात!" बोलताना पाइपवर हात फिरवत होता. गाळणीबद्दल शब्द नाही.

आता यात त्याचं इतकं काय अडलंय, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण त्याचं दुखणं खरं आहे. प्रयोगशाळेतला कंबस्टर बहुधा मागून हवेत उघडा सोडलेला असतो. उघड्या टोकाशी दाब वातावरणाच्या दाबाला बांधलेला, म्हणून दाबाची लाट तिथे उलटी होऊन परत फिरते. खऱ्या यंत्रात मागे टर्बाइनची पहिली स्थिर पाती असतात आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटांतून वायू जवळजवळ ध्वनीच्या वेगानं निसटतो. असं टोक आवाजाच्या लेखी भिंतच; लाट सुलटी परत येते. एक उलटी, एक सुलटी, म्हणजे ठेकाच बदलला. त्यामुळे प्रयोगशाळेत शहाण्यासारखा वागलेला बर्नर यंत्रात बसवला की बोंबलतो, आणि तिकडे बोंबलणारा इकडे गुपचूप बसतो. मग संगणकावर हिशेब करायचा तर दोन्ही टोकांना काय आहे ते सांगावं लागतं. लोक काय सांगतात? "मागचं टोक बंद मानू." हे 'मानू' त्याच्या मस्तकात जातं. त्याच्या मते सगळ्या शोधनिबंधांत खोटं बोलायची एकच अधिकृत जागा आहे, आणि ती 'असे गृहीत धरले' या शब्दांपुढे. मला हे पटतं. तीस-तीस पानांच्या गणितात चूक शोधणारे लोक त्या एका ओळीवरून सरळ पुढे जातात.

मार्बल आणि कँडेल यांनी १९७७ साली अशा चिंचोळ्या तोंडासाठी सूत्र दिलं. कंबस्टरमधल्या वायूचा वेग ध्वनीच्या दशांश धरला तर साधारण ९७ टक्के लाट परत येते. बाकी जग ९७ ऐकून शंभर लिहितं आणि जेवायला जातं. टोकवाला उरलेल्या तीन टक्क्यांवर संसार करतो. शिवाय कमी-जास्त तापलेल्या वायूचा लोंढा त्या तोंडातून बाहेर पडताना स्वतःच एक नवा आवाज मागे पाठवतो, तो वेगळाच. आणि पुढच्या टोकाला, कंप्रेसरच्या बाजूला, काय मानायचं यावर दोन टोकवाल्यांचं एकमत झालेलं मी ऐकलेलं नाही.

म्हणून तो मोजतो. लाउडस्पीकरनं पाइपात आवाज सोडायचा, भिंतीतल्या मायक्रोफोनांवरून जाणारी लाट किती आणि परत येणारी किती ते वेगळं काढायचं, मग दुसरा सूर, मग तिसरा. दिवसा बाजूच्या कंप्रेसरची धडधड असते, म्हणून रात्री. कँपस गिंडीच्या जंगलातून काढलेला, त्यामुळे रात्री दोनला तो लॅबच्या दारात चहा घेऊन उभा असतो आणि समोर ठिपक्यांची हरणं. हरणांचा त्याला उपयोग एकच: ती दचकली नाहीत तर आवाज बाहेर फुटत नाहीये. मे महिन्यात एसी बंद पडला की त्याचे आकडे सरकतात. वीस अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, पस्तिसाला ३५२. चेन्नईच्या उकाड्याबद्दल सगळे बोलतात, पण तक्रार नऊ मीटरांत करणारा हाच.

हा रोग अलीकडे वाढला तोही चांगल्या कामापायी. नायट्रोजनची ऑक्साइडं कमी व्हावीत म्हणून हवा-इंधन आधी नीट मिसळून, इंधन हात राखून, जाळायची पद्धत आली. ज्योत थंड झाली, धूर सुधारला, आणि ज्योत हळवी झाली. जुन्या कंबस्टरच्या भिंतींना हवेसाठी खूप भोकं असायची, ती आवाज गिळायची. आता जवळजवळ सगळी हवा बर्नरमधून घ्यायची म्हटल्यावर ती भोकं गेली. "भिंत पण बीसीच असते काकू," असं तो यावर म्हणतो आणि कढी वाढून घेतो.

रॉकेटच्या गोष्टी त्याला तोंडपाठ. २३ मे १९८० ला एरियान रॉकेटचं दुसरं उड्डाण फसलं ते याच रोगानं. पहिल्या टप्प्याच्या चार व्हायकिंग इंजिनांपैकी एकाला तो जडला. आपलं विकास इंजिन त्याच व्हायकिंगच्या कुळातलं, हे सांगताना त्याचा आवाज घरातल्या आजारपणाबद्दल बोलावं तसा खाली येतो. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ च्या एफ-१ इंजिनात तर चालू असताना मुद्दाम छोटा बाँब फोडत आणि गोंधळ किती लवकर शमतो ते बघत. आमच्या नातवाला हे फार आवडलं. आता टोकवाला आला की त्याला बाँबचीच गोष्ट लागते.

मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या संगीताच्या मोसमात, मी त्याला एका सभेत कचेरीला, म्हणजे मैफिलीला, नेलं. म्हटलं, चार सूर कानावर पडतील. गाणाऱ्या बाईंनी तोडी असा मांडला की मागची माणसं डोळे मिटून होती. याचे डोळे टक्क उघडे आणि नजर घटम्‌वाल्याच्या पोटावर. घटम्‌ म्हणजे मातीचा घडाच, वादक त्याचं तोंड कधी उघड्या पोटाला दाबतो, कधी सोडतो, आणि गुमक बदलते. तनि, म्हणजे नुसत्या तालवाद्यांचा भाग, सुरू झाल्यावर याला राहवेना. "काकू, पोट! पोट ही बीसी आहे! हवी तशी बदलणारी!" पुढच्या मामींनी मान वळवून असं बघितलं की मीच शरमले. कँटीनमध्ये कॉफी घेताना त्यानं रीतसर समजावलं: घडा हा हेल्महोल्ट्झचा रेझोनेटर, आणि गॅस टर्बाइनवाले कंबस्टरच्या भिंतीला असेच घडे बसवतात, त्रासदायक सूर शोषून घ्यायला. "पण त्यांना पोट नसतं," असं तो हळहळून म्हणाला. बाईंचा तोडी त्यानं ऐकला का, हे मी विचारलं नाही.

त्याला खरा शत्रू कँपसवरच आहे, आणि तो भेटला की हा आदरानं उठून उभा राहतो. आयआयटी मद्रासचेच प्रा. आर. आय. सुजित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की खळबळत्या प्रवाहाचा कंबस्टर एकदम बोंबलत नाही. त्याआधी दाब मधूनच उसळतो, पुन्हा निवतो, पुन्हा उसळतो. या उसळ्या ओळखता आल्या तर बोंब सुरू होण्याआधी सावध करता येतं. समाधान पवार यांच्यासह त्यांचं २०२१ मध्ये आलेलं पुस्तक याच दृष्टीचं. यातला टोकवाल्याला बोचणारा भाग असा, की इशारा मिळवायला दाबाचा एक सेन्सर पुरतो. टोकाला काय आहे हे माहीत असण्याची गरज नाही. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा श्रीखंड होतं आणि त्यानं पुन्हा मागितलं नाही. "काम उत्तम आहे," तो म्हणाला. "पण बोंब कळली म्हणजे थांबली असं नाही ना?" मग थोड्या वेळानं, स्वतःशीच: "एकच सेन्सर!"

वडील कराडहून स्थळं पाठवत होते. मुलगा करतो काय, हे मुलीकडच्यांना सांगणं हे त्यांच्यापुढचं संकट. शेवटी त्यांनी सोपं केलं: विमानाच्या इंजिनातला आवाज बंद करतो. मुलीचे मामा म्हणाले, "म्हणजे सायलेन्सर बसवतो?" दुसऱ्या कोणाला राग आला असता. हा खूश झाला, कारण सायलेन्सर हे नळकांड्याच्या टोकाला लावलेलं अस्सल उपकरण, आणि मामांची बुलेट दारातच होती. त्यानं उकिडवं बसून तिच्या सायलेन्सरचं टोक चाचपलं आणि कांदेपोहे गार होईपर्यंत मामांना समजावलं. मामांचं मत चांगलं झालं. मुलीचं नाही.

पीएचडीच्या तोंडी परीक्षेसाठी त्यानं मागच्या टोकावर इतक्या जादा स्लाइड तयार ठेवल्या होत्या की मूळ भाषण त्यांच्यापुढे लहान वाटावं. परीक्षकांनी दीड तास ज्योतीबद्दल विचारलं. टोकाचं एकानंही काढलं नाही. पदवी मिळाली, पेढे आले, पण चेहरा असा की ह्यांनी विचारलं, "काय रे, राहिली का?"

पुढे बहुतेक पोरं म्युनिक, झुरिक, केंब्रिजला जातात. संगणकातल्या कंबस्टरच्या टोकाला एक अट अशीही लावता येते की बाहेर गेलेली लाट परतच येऊ नये; तिची रीतसर सोय १९९२ च्या प्वांसो आणि लेले यांच्या निबंधानं करून दिली. लेले म्हटल्यावर माझे कान टवकारले. स्टॅनफर्डचे संजीव लेले. आमच्या म्युनिकवाल्या पोरांना ही अट हुबेहूब लागू पडते. हा मात्र बंगळुरूला एका कंपनीत लागला आणि वर्षातून एकदा आमटीला परत फिरतो.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, रात्री साडेदहाला, साइटवरून. एक यंत्र गुरगुरत होतं. इंधन तपासून झालं, नोझल बदलून झाले, ज्योतवाले येऊन फोटो काढून गेले. यानं मागच्या टोकाचा ड्रॉइंग मागितला. स्टोअरमधून ड्रॉइंग यायला दोन दिवस लागले. त्यात कंबस्टर बारीकसारीक मापांसह काढलेला होता, आणि जिथे तो संपतो तिथे एक तुटक रेघ मारून पुढे लिहिलं होतं: 'बाय अदर्स'. म्हणजे पुढचं काम दुसऱ्याचं, आमचा संबंध नाही. मग यानं त्या दुसऱ्या कंत्राटदाराचा ड्रॉइंग मागवला. तोही आला. त्यातही तीच तुटक रेघ होती, आणि रेघेच्या अलीकडे, म्हणजे कंबस्टरच्या बाजूला, लिहिलं होतं: 'बाय अदर्स'.

"काकू, मधला दीड मीटर कोणाचाच नाहीये," तो म्हणाला. इतका आनंदी आवाज मी त्याचा राइकेच्या नळीनंतर ऐकला नव्हता. मी विचारलं, जेवलास का. तो म्हणाला, नाही, आधी टेप घेऊन आत शिरतोय.